लोणच्याच्या दगडातला हिरा

अडतीस वर्षं दगड घासल्यावर माणसाचं काय होतं ते बघायचं असेल, तर निशिवाकीकडे बघावं. दोन्ही अंगठ्यांचे ठसे पार पुसलेले. कंबर डावीकडे कललेली. विद्यापीठात दारांना बोटांचे ठसे ओळखणारं यंत्र बसवलं, तेव्हा त्या यंत्राने याला ओळख द्यायलाच नकार दिला. शेवटी त्याच्यासाठी जुनी लोखंडी किल्ली शोधून काढावी लागली. "मी इथे काम करतो हे यंत्रालासुद्धा पटत नाही," असं तो सांगायचा. पहिल्या वेळी लोक हसले. नंतर त्यालाच सांगायचा कंटाळा आला.

जपानमधल्या शिकोकू बेटाच्या डोंगरांना पाठ लावून उभ्या असलेल्या त्या विद्यापीठात, भूशास्त्राच्या इमारतीत, तळमजल्यावर त्याची खोली होती. वरच्या मजल्यावरचे लोक डोंगर तुडवून दगड आणत आणि हा त्यांचे काप करून देई. दगडाची चकती काढायची, काचेवर चिकटवायची आणि भुकटी-पाणी घालून घासत घासत इतकी पातळ करायची की तिच्यातून आरपार उजेड जावा. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. मोजायला पट्टी चालत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गारगोटीचा कण पिवळा दिसला तर काप अजून जाड आहे; राखाडी दिसला की हात थांबवायचा. चार वळसे जास्त घासले की दगड काचेवरून नाहीसा, आणि कुणाची तरी तीन दिवसांची पायपीट नाल्यात. मग शेवटी बारीक भुकटीने झिलई. कामाचा गवगवा काहीच नाही. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात आभार असले तर असले.

त्या खोलीचा कायदा एकच होता: एक भुकटी, एक कापड, एक घमेलं. प्रत्येक भुकटीचं झिलईचं कापड वेगळं, धुवायचं पाणी वेगळं. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर ते कापड सरळ कचऱ्यात. हा कायदा निशिवाकीनेच केला होता आणि त्यापायी त्याने भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं. गेल्या काही वर्षांत मात्र भांडायचंही जिवावर यायचं. मार्चअखेर तो निवृत्त होणार होता. त्याच्या जागी कुणी येणार नव्हतं. काप आता बाहेरून करून घेणार, असं ठरलं होतं म्हणे.

कायदा कुणी जिवापाड पाळत असेल, तर ती अकाने तोकुनागा. वय सदतिसाच्या घरात, संशोधक, नेमणूक पाच वर्षांची आणि तीही मार्चलाच संपणारी. तिचे दगड जमिनीत खोल गेलेले आणि कसेबसे परत वर आलेले. किती खोल गेले होते, यावर तिचा सगळा डाव होता. अशा दगडात हिऱ्याचा नुसता कण सापडला, तरी तो दगड शंभर-सव्वाशे किलोमीटर खाली जाऊन आला हे सिद्ध होतं, कारण त्याहून कमी दाबात हिरा बनतच नाही. आणि ते सिद्ध झालं, तर तिला कायमची जागा मिळायची शक्यता होती. नाहीतर सामान बांधायचं.

गंमत अशी की निशिवाकीच्या खोलीत हिऱ्यांना तोटा नव्हता. कापायच्या पात्याला हिऱ्याची धार, झिलईच्या मलमात हिऱ्याची पूड. म्हणून तर अकाने पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "निशिवाकीसान, माझ्या दगडाला तुमचा हिरा दाखवूसुद्धा नका. पातं दुसरं, भुकटी ती बिनहिऱ्याची, पांढरी. चालेल?"

"वेळ दुप्पट लागेल."

"लागू दे. नाहीतर तुमचाच हिरा मला सापडायचा आणि मी गावभर नाचायची."

तिच्यासाठी त्याने पांढऱ्या भुकटीचं कापड वेगळं ठेवलं. चार वर्षं, न चुकता.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला वर्षअखेरीची मोठी सफाई झाली. त्या दिवशी कुणी लहान-मोठं नसतं. विभागप्रमुख हिराओका सेन्सेईसुद्धा डोक्याला टॉवेल गुंडाळून खिडक्या पुसत होते आणि जास्त करून दुसऱ्यांना डाग दाखवत होते. निशिवाकी आपल्या खोलीत कापडं काढून बसला होता. थंडीने बोटं चिरली होती. पाण्यात घातली की डोळ्यांत पाणी यायचं. तेवढ्यात अकाने बाह्या सारून आत आली.

"अहो, बोटं बघा तुमची! वाळलेल्या तांदळाच्या मोची-वडीसारखी तडकलीत. उठा, सरका. कापडं मी धुते."

"नको, नको. त्याला एक पद्धत आहे."

"चार वर्षं बघतेय तुमची पद्धत. चहा घ्या आणि गप्प बसा. वर्षातून एक दिवस तरी माणसासारखं बसावं माणसाने."

तो बसला. अडतीस वर्षांत त्याला 'बस' असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून बसला. डोळे मिटून चहा प्याला. उघडले तेव्हा कापडं तारेवर चिमटे लावून ओळीने टांगलेली होती, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने आणखी काही बघितलं नाही.

जानेवारीत काम सुरू झालं. तिचा नवा दगड आला होता, एका उभ्या ओढ्यातून काढलेला, लाल दाण्यांचा. कायद्याप्रमाणे ते पांढऱ्या भुकटीचं कापड फेकून द्यायला हवं होतं. दुसऱ्याचा हात लागला होता. त्याने हातात घेऊन पाहिलं. आठ महिने वापरून मऊ झालेलं, हाताला बसलेलं. नवं कापड लावायचं म्हणजे ते मनासारखं व्हायला पंधरा दिवस त्याच्याशी झटायचं. आणि हात तरी कुणाचा लागला होता? तिचाच. जाऊ दे, तो म्हणाला, आणि तेच चाकावर चढवलं.

जानेवारी सरता सरता एका सकाळी अकाने जिन्यावरून धावतच खाली आली. बोलताही येत नव्हतं.

"तेराशे बत्तीस!" एवढंच ती म्हणाली.

लेसरखाली धरलं की प्रत्येक खनिज आपापल्या ठरलेल्या जागी रेघ दाखवतं, आणि तेराशे बत्तीस ही हिऱ्याची जागा. लाल दाण्याच्या एका चिरेत, पृष्ठभागाच्या जरासा आत, एक कण बसला होता. तिने तीनदा तपासलं होतं.

"पांढऱ्या भुकटीनेच केलंय ना हे?"

"तुमचं दुसऱ्या कशाने करतो का मी कधी?"

तेवढं ऐकून ती इतकी खाली वाकली की कपाळ टेबलाला लागलं. "तुमच्या हाताला सापडलाय हा," ती म्हणाली आणि रडायला लागली. निशिवाकीला काय करावं ते कळेना. त्याने तिला हात पुसायचा टॉवेल दिला, तोही मळका.

त्यानंतर इमारतीत तोच आकडा. हिराओका सेन्सेई गोड पावांचा डबा घेऊन स्वतः तळमजल्यावर आले. एवढ्या वर्षांत त्यांना जिना सापडला याचंच निशिवाकीला नवल वाटलं. पुढचा सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायचं ठरलं. त्यानंतर नेमणुकीची समिती बसणार होती. "आता कोण नाही म्हणतंय बघू," असं सेन्सेई पाव खाता खाता म्हणाले.

त्याच रविवारी निशिवाकीच्या घरी, गारठ्याने, त्याच्या बायकोचा, फुमिएचा, लोणच्याचा दगड फुटला. मुळ्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवायचा नदीतला साधा गोटा, लग्नात तिच्या सासूने दिलेला.

"अख्ख्या जगाचे दगड चिकटवता," फुमिए म्हणाली, "आता बायकोचा एक चिकटवून आणा. तुमचा तो डिंक कधी तरी घराच्या कामी येऊ दे."

"नदीवर पन्नास गोटे पडलेत."

"पन्नास पडलेत, पण मुळ्याला हाच लागतो. नवरे काय कमी पडलेत का गावात? तरी तुमच्याबरोबर निभावतेच आहे ना?"

सोमवारी तो दोन्ही तुकडे पिशवीत घालून घेऊन गेला. चिकटवण्याआधी सवयीने हात शिवशिवले. इतकी वर्षं ज्याच्याखालचा मुळा खाल्ला, त्याच्या आत काय आहे ते एकदा बघू, म्हणून त्याने एक कपची काढली. दोन दिवस मधल्या वेळात घासली. झिलईला चाकावर पांढऱ्या भुकटीचं कापड चढलेलंच होतं. त्यावरच धरली.

बुधवारी सकाळी अकाने चहाला खाली आली. सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेचं पत्र तिने त्याला पूर्वीच दाखवलं होतं. क्युशू बेटावर, आईच्या गावापासून अर्ध्या तासावर, कायमची नोकरी. दगडाची पूड करून तिची परीक्षा करायची, बस.

"शुक्रवारपर्यंत उत्तर मागतायत," ती म्हणाली. "नाही म्हणून टाकणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. ती म्हणणार, हातातली नोकरी सोडतेस, डोकं फिरलंय का?"

"मग? फिरलंय का?"

"फिरू दे की हो एकदा! दहा वर्षं मी नीट वागतेय. नीट वागून वागून विटले." ती हसली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्या हसण्यात दिसेनाशी झाली होती. निशिवाकीला वाटलं, हिला इतकी मोकळी आपण कधी पाहिलीच नव्हती.

दुपारी त्याने लोणच्याचा दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. साधा वाळूचा खडक. गारगोटी राखाडी, काम उत्तम. मग वरून उजेड टाकून झिलई पाहिली. दाण्यांमधल्या फटींत चार-पाच चकचकीत कण उंचावून उभे होते. भोवतीचा दगड झिजला होता, पण ते झिजले नव्हते. एवढं कठीण जगात एकच असतं.

लेसरच्या यंत्राचे आरसे गेली वीस वर्षं तोच सरळ करत आला होता. यंत्र मोकळं होतं. त्याने काच ठेवली. रेघ उभी राहिली: तेराशे बत्तीस.

फुमिएच्या लोणच्याच्या दगडात हिरा. त्याला क्षणभर हसू आलं. तो यंत्रासमोर बसून राहिला आणि डोळ्यांपुढे ती सफाई आली. कापडं ओळीने टांगलेली, चिमटे, चिठ्ठ्या, सगळं जागच्या जागी. आणि खाली बादली एकच. सगळी कापडं एकाच पाण्यात; कापडं धुताना तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. हिऱ्याच्या कापडातली पूड पाण्यात उतरली, पाण्यातून पांढऱ्या भुकटीच्या कापडात शिरली, तिथून तिच्या लाल दाण्याच्या चिरेत जाऊन बसली. तिने माया करायला म्हणून हात घातला होता. आणि ज्याने ते कापड डोळे झाकून कचऱ्यात टाकायचं, त्याने कंटाळा केला होता.

तेव्हाच उठून वर जायला हवं होतं. जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा. तो गेला नाही. स्वतःशी म्हणाला, आधी खात्री करू. गुरुवारी नवं कोरं कापड काढलं, लोणच्याच्या दगडाची दुसरी कपची घासली, झिलई केली, पाहिली. काही नाही. खात्री झाली. संध्याकाळी जिन्यात ती भेटली. "दमलेले दिसताय," ती म्हणाली. "हो, जरा," तो म्हणाला आणि बाजूला सरून तिला वाट दिली.

शुक्रवारी सकाळी तो वर गेला. तिचं दार उघडंच होतं. ती आईशी फोनवर बोलत होती, खिडकीकडे तोंड करून, आणि लहान पोरीसारखी भांडत होती. "अगं आई, हिरा आहे, हिरा! सिमेंट नाही!" मग वळून त्याला बघितलं, फोन कानाला तसाच धरून वाकली, हसली. तोंडाशी आलेलं सगळं त्याने गिळलं. "सुप्रभात," तो म्हणाला, आणि अठ्ठावीस पायऱ्या उतरून खाली आला.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली होती. सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागणार की, बाई गं, हे तुझ्याच हातांनी झालं. ते त्याच्या जिभेवर येईना. शिवाय तो थकला होता, हे तर होतंच. थकलेला माणूस आजचं मरण उद्यावर ढकलतो. शनिवार-रविवार तो घरात कोतात्सूखाली, शेगडीच्या ठेंगण्या टेबलाखाली, पाय घालून पडून राहिला.

"दुखतंय का कुठे?" फुमिएने विचारलं.

"नाही."

"मग तोंड असं का? दगड चिकटवायचा राहिला म्हणून मी काही घराबाहेर काढणार नाही तुम्हाला."

त्याने तिला सगळं सांगितलं. फुमिएने हातातलं संत्रं सोलायचं थांबवलं. "आणि तुम्ही इथे पडलात?" एवढंच ती म्हणाली. अर्धं सोललेलं संत्रं तिथेच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

पडल्या पडल्या त्याने एक मात्र ठरवलं होतं: बादलीचं नाव काढायचं नाही.

सोमवारी तो कामावर आला तो सरळ वर गेला. अकाने उद्याच्या वर्तमानपत्रवाल्यांच्या सभेसाठी दगडांना चिठ्ठ्या लावत होती. त्याने दार लावून घेतलं. तो कधी दार लावत नसे, तेवढ्यावरून तिचा चेहरा उतरला.

"तो हिरा आपल्या खोलीतला आहे," तो म्हणाला. "कापड चुकलं माझ्या हातून. हिऱ्याचं लागलं. म्हातारा झालो, डोळे गेले. माफी मागायलाही तोंड नाही मला."

ती खाली बसली. मग शास्त्रज्ञ होती म्हणून शास्त्रज्ञासारखं विचारलं, "खात्री कशावरून?"

त्याने दोन्ही काचा पुढे ठेवल्या. "हा आमचा लोणच्याचा दगड, त्याच कापडावरचा. हा नव्या कापडावरचा. ह्यात आहे, ह्यात नाही."

"लोणच्याचा दगड," ती म्हणाली. तिला हसू फुटलं, ते वाईट हसू होतं. "म्हणजे मुळासुद्धा सव्वाशे किलोमीटर खाली जाऊन आला म्हणायचा." मग डोळे पुसून म्हणाली, "मी सगळी कापडं इतकी नीट धुऊन, चिठ्ठ्या लावून ठेवली होती हो. तरी कसं चुकलं?"

"नीटच ठेवली होतीत," निशिवाकी म्हणाला. "फार छान धुतली होतीत. चूक माझी."

तिने मान हलवली. रागावली नाही. "होतं असं. मीच इतकी घाई करायला नको होती. एका कणावर कुणी घर बांधतं का?" टेबलावरच्या चिठ्ठ्या ती एकेक करून सोडवू लागली. "शुक्रवारी त्या सिमेंटवाल्यांना नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी पाच वाजता. त्यांनी दुसऱ्याला बोलावलंसुद्धा, आज सकाळी ईमेल आली. किती चांगली माणसं, आभार मानलेत माझे." मग सहजच, जसं एखाद्या कापाबद्दल विचारावं तसं, तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. एक खोटं तो बोलून चुकला होता आणि ते पचलंही होतं. दुसरं जिभेवर तयार होतं. तिच्यासाठी ते बरं होईल असंही त्याला वाटून गेलं. पण पहिलं खोटं तिला सांभाळायला होतं. हे त्याला स्वतःला सांभाळायला झालं असतं. तेवढा फरक त्याला अजून कळत होता.

"बुधवारी," तो म्हणाला.

तिचे हात थांबले.

"बुधवारी कधी?"

"दुपारी. तुम्ही चहा पिऊन गेल्यावर."

"गुरुवारी तुम्ही मला जिन्यात भेटलात."

"हो."

"शुक्रवारी दारात उभे होतात. इथे."

"हो."

"कापड चुकतं हो, निशिवाकीसान," ती हळूच म्हणाली. "माणूस थकतो, कापड चुकतं. पण शुक्रवारी तुम्ही इथे दारात उभे होतात आणि मला सुप्रभात म्हणालात."

तो वाकला आणि तसाच वाकून राहिला. ती त्याच्या बाजूने निघून बाहेर गेली. थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतून हिराओका सेन्सेईंचा आवाज आला, "काय? लोणच्याचा?" मग दार बंद झालं.

वर्तमानपत्रवाल्यांना दुपारपर्यंत नको म्हणून कळवलं गेलं. पाव खाल्लेले लोक जिन्यात एकमेकांची नजर चुकवू लागले. निशिवाकी खाली येऊन बसला. त्याने ते मऊ कापड उचलून कचऱ्यात टाकलं. डबा रिकामा होता, त्यात ते एकटंच पडलं.

तीनच्या सुमाराला अकाने खाली आली. हातात त्याच लाल दाण्यांच्या दगडाचा उरलेला तुकडा होता, मुठीएवढा.

"एवढाच राहिलाय," ती म्हणाली. "पुन्हा करा. नव्या कापडावर, पांढऱ्या भुकटीने. असलं काही तर दिसेल. नसेल तर मार्चमध्ये जाताना निदान माहीत असेल मला."

"उद्या दुपारपर्यंत देतो वर आणून."

"नको."

कोपऱ्यातलं स्टूल तिने ओढलं, त्याच्या टेबलासमोर ठेवलं आणि त्यावर बसली. गुडघ्यांवर हात, नजर त्याच्या हातांवर. चार वर्षांत दगड ठेवून ती निघून जायची. बघत बसायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

"मी इथेच बसते," ती म्हणाली. "कापड दाखवा आधी."

त्याने नव्या कापडाचं पुडकं तिच्या पुढ्यात फोडलं, चारही कडा उलटून दाखवल्या, आणि ती मान हलवेपर्यंत ते हातात धरून उभा राहिला.